कणगीतली मोटर

जामनगर
११ सप्टेंबर २०२४

वैष्णवी,

घाई मी केली, असं तू अजून किती दिवस म्हणणार आहेस? मार्चपासून सप्टेंबर आला. गणपतीला मला घरी येता आलं नाय म्हणून तू फोन केलास, मागं आरती चालली होती, मला बरं वाटलं, आणि ठेवता ठेवता परत तेच. 'दादा, तू मसाला घाईत भरलास, मध्ये पोकळी राहिली, म्हणून मोटर फुटली.' त्यासाठी मी तुझा नंबर बंद करून टाकलाय. फोनवर तू दोन वाक्यांत मला गप्प करतेस आणि लेक्चर आहे म्हणून ठेवून देतेस. कागदावर माझं सगळं ऐकावं लागेल. अक्षराबद्दल बोलायचं नाय.

काल इथल्या मिस्त्रीला आपली गोष्ट सांगितली. ओडिशाचा आहे, पितळेच्या कामात तीस वर्षं काढली. मोटर म्हटल्यावर त्याला पाण्याचा पंप वाटला. म्हटलं नाय चाचा, रॉकेटची मोटर. कागदाची जाड नळी, आत जळणारा मसाला, वरचं टोक बंद, खालच्या टोकाला मातीचं बारीक तोंड. मसाला पेटला की धूर त्या तोंडातून जोरानं खाली निघतो आणि नळी वर जाते. तो म्हणाला, 'और तेरी वाली?' म्हटलं, आमची वर गेलीच नाय. बाजूनं फुटली, खाचरातून आडवी पळाली, आणि माझ्या सख्ख्या काकाची, राघोकाकाची पेंढ्याची उडवी जाळून आली. तो हसता हसता स्टुलावरून उठला.

ती उडवी तुझ्या आप्पांची होती, हे मी विसरलो नाय. देवळासमोर सगळ्यांनी विचारलं, कुणी केलं, तेव्हा मी पुढं झालो. तू मागं राहिलीस ते बरोबरच केलंस, तुझी बारावी होती. पण राघोकाका त्या दिवसापासून माझ्याशी बोलला नाय, आणि बाबांनी आठ दिवसांत मला इकडं लेथवर धाडला. नववीत शाळा सोडलेला उडाणटप्पू मी आधीच होतो, आता आगलाव्या पण झालो. ते चालेल. न केलेली घाई मात्र माझ्या माथी मारू नको.

मी म्हणतो दोष तोंडाचा. तुझ्या म्हणजे मोटरच्या. माती तू थापलीस, भोक तू पाडलंस, ते अरुंद झालं.

इथं एखादा नग फुटला की मिस्त्री आधी माणसाकडं बघत नाय. फुटलेली जागा बघतो, बोट फिरवतो, मग कुणाला शिवी द्यायची ते ठरवतो. ती फुटकी नळी तू ट्रंकेत ठेवलीयस, मला ठाव आहे. ती पाठव. माझी चूक निघाली तर तसं लिहून देईन.

प्रज्वल


वैशाखरे
२४ सप्टेंबर २०२४

प्रज्वलदादा,

पोस्टमनने पत्र आप्पांच्या हातात दिलं. आप्पांनी पाकीट उलटसुलट केलं आणि काही न बोलता माझ्या पुस्तकांवर ठेवलं. तुझं अक्षर पाच फुटांवरून ओळखू येतं. (तू बोलायचं नाही म्हणालास, मी लिहिलंय.)

नळी पाठवते. त्या खेपेच्या दोन कोऱ्या नळ्याही अजून कणगीत होत्या, त्याही पाठवते. भातात खांद्यापर्यंत हात घालून काढल्या. आप्पा म्हणाले, 'कणगीत काय शोधतेस गो?' म्हटलं, बांगडी पडली. तर स्वतःच बाह्या सरसावून बांगडी शोधायला आले. पाव तास आम्ही दोघांनी नसलेली बांगडी शोधली.

आता खरं कारण सांगते. आमच्या मुरबाडच्या कॉलेजात यंदा रॉकेटचा गट निघालाय. फिजिक्सचे गोजर सर बघतात. फेब्रुवारीत शहापूरकडे, आसनगावच्या पलीकडच्या माळावर, रीतसर परवानगी काढून उडवायचं आहे. बाकीच्या टीम तयार मोटर विकत आणणार. मी आणि माझी मैत्रीण नम्रता, आम्ही फॉर्मवर लिहिलं: स्वतःची मोटर. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग अट घातली. मोटर जमिनीवर बांधून, वाळूच्या पोत्यांमागे उभं राहून, लागोपाठ तीन वेळा नीट जाळून दाखवायची. जानेवारी संपायच्या आत. एक जरी फुटली तरी मोटर बंद, आणि आम्ही दोघी गटाच्या बाहेर.

मसाला फक्त लॅबमध्ये, सरांच्या डोळ्यांसमोर. त्याबद्दल पत्रात एक अक्षर लिहायचं नाही अशी त्यांची ताकीद आहे, तेव्हा तू विचारू नकोस.

म्हणजे शिमग्याला नळी का फुटली ते मला आता कळलंच पाहिजे. तुझा निकाल लावायला नव्हे. तेच परत केलं तर मी संपले.

घरी कुणाला यातलं माहीत नाही. आप्पांना वाटतं मी प्रॅक्टिकलला थांबते.

वैष्णवी

ता.क. पोकळी शोध. सापडेल.


जामनगर
९ ऑक्टोबर २०२४

वैष्णवे,

तुझं पार्सल दुपारच्या सुट्टीत उघडलं. नळ्या लेथवर मांडल्या, डबा काढायला वाकलो, बघतो तर कोऱ्या नळीतून एक पाहुणा बाहेर पडलेला. काळपट, बारीक, पुढं सोंड. तांदळात होतो तो सोंडा गो. वैशाखऱ्यातून जामनगरपर्यंत बिनतिकीट आला आणि लेथवर असा चालला की जसा शेठच.

मी त्याला मारला नाय. त्याच्याकडं बघत बसलो, आणि मग माझ्या हातातली चपाती तशीच राहिली.

कोरी नळी मी पात्यानं उभी चिरली. आत काय दिसलं सांगू? बोगदे. बाहेरनं टाचणीएवढं भोक, आत कागदाच्या थरांमधून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. दुसरी चिरली, तिच्यातही तेच. मग फुटकी घेतली. पोकळीनं फुटली असती तर नळी उभी उसवली असती. तोंड अरुंद म्हणून फुटली असती तर तोंडच उडालं असतं. तुझं मातीचं तोंड जसंच्या तसं बसलंय, एक तडा नाय. मधोमध अंगठ्याएवढं भोक आहे आणि त्याच्या काठाला, जळून काळे झालेले, तेच बोगदे. आग आत पेटली, तिला किड्याचा रस्ता सापडला, आणि ती त्या रस्त्यानं बाहेर आली.

आता आठव. नळ्यांचा कागद आपण कशानं चिकटवला? विकतचा गोंद कोण आणणार, म्हणून तू तांदळाची खळ शिजवलीस, पतंगाला लावतो तशी. आणि नळ्यांना ओल लागू नये म्हणून दिवाळीपासून शिमग्यापर्यंत भाताच्या कणगीत पुरून कुणी ठेवल्या? मीच. 'भातासारखं कोरडं दुसरं काय नाय' असं मोठ्या अकलेनं बोललो होतो. सोंड्याला आपण भातात घर दिलं आणि घराला भिंतीपण भाताच्याच केल्या. चार महिने खाल्लं त्यानं.

तर माझा निकाल असा: पोकळी नाय, तोंड नाय. खळ तुझी आणि कणगी माझी. अर्धं अर्धं. हे मी लिहून देतो म्हणालो होतो, दिलं.

पुढचं ऐक. खळ बंद. सुतार लाकडाला लावतो तो पांढरा गोंद आण. आणि मातीचं तोंडही सोड. इथं पितळ ओततात त्या साच्यांचे ग्रेफाइटचे तुकडे भंगारात पडतात. पेन्सिलीत असतं तेच, पण मनगटाएवढं जाड. वितळतं पितळ रोज अंगावर घेतं, तुझ्या तीन सेकंदांच्या आगीला काय भिणार. त्यातून मी तोंड कातून देतो. भोक केवढं ते लिही, आणि अंदाजे लिहू नको.

प्रज्वल


वैशाखरे
२८ ऑक्टोबर २०२४

दादा,

तुझं पत्र टोकावड्याच्या स्टॉपवर उभी राहून वाचलं आणि माझी मुरबाडची गाडी गेली. नम्रताला दाखवलं. ती म्हणाली, तुझा भाऊ पोलिसांत पाहिजे होता.

मी सहा महिने तुझी घाई म्हणत होते. ते मागे घेते. हे वाक्य जपून ठेव, परत लिहिणार नाही.

सोबत चित्र आहे. भोक आठ मिलीमीटर, वरून आणि खालून उतरता कोन काढलाय तसा. तीन पाहिजेत, तिन्ही सारखी. सारखी म्हणजे एक झाकून दुसरं दाखवलं तर तुलाही ओळखता येऊ नये अशी. सर व्हर्नियर लावून मोजणार आहेत.

नळ्या पांढऱ्या गोंदाने केल्या. नम्रताच्या आसनगावच्या खोलीत, पत्र्याच्या डब्यात ठेवल्यात. तिथे भात नाही.

एक गोष्ट सांगायची आहे. सरांनी विचारलं, ग्रेफाइटची तोंडं कुठून येणार. मी म्हटलं, जामनगरहून. म्हणाले, कोण करतं. मी म्हटलं, आमच्या ओळखीचे एक इंजिनियर आहेत.

रागावू नकोस. तुझं नाव घेतलं असतं तर उडवीची गोष्ट निघाली असती. सर मुरबाडचेच आहेत, गावोगावचं त्यांना कळतं.

घरी दिवाळीची साफसफाई चाललीय. जनीकाकू आपल्या लेकासाठी करंज्या करून ठेवतेय, कुणी जाणारं सापडलं की पाठवणार. झोडणी संपली, यंदा भात चांगलं आहे.

वैष्णवी


जामनगर
१५ नोव्हेंबर २०२४

मॅडमना आमच्या इंजिनियर साहेबांचा नमस्कार.

साहेब सध्या गॅलरीत सहा जणांत झोपतात. कारखान्यात त्यांना 'ए मराठी' म्हणतात. परवा साहेबांनी दीडशे नळाच्या चकत्या चुकीच्या मापानं कातल्या, तेव्हा शेठ त्यांना काय म्हणाला ते तुझ्या कॉलेजच्या मुलींनी वाचण्यासारखं नाय.

मी रागावलो नाय. दोन दिवस रागावलो होतो, मग काम आलं. पण सांगतो, मला वाईट वाटलं. गावात चुकलं तेव्हा माझं नाव सगळ्यांना पाठ होतं. आता बरोबर करतोय तर नाव इंजिनियर.

तीन तोंडं पाठवतोय. शेठला मी खोटं बोललो नाय. तुला लिहिलं तेव्हाच भंगारातले तुकडे मागितले, तो म्हणाला घे, पण मशीन फुकट नाय, तीन रविवार येऊन झाडलोट कर. केली. मिस्त्री पहिल्या दिवशी बाजूला उभा राहिला आणि पहिली दोन तोंडं त्यानं हातात घेऊन सरळ कचऱ्यात टाकली. कारण सांगितलं नाय. तिसऱ्याला म्हणाला, 'ये रख.' मग कळलं. ग्रेफाइट पितळासारखं दाबून कातायचं नसतं. पातं नुसतं टेकवायचं आणि आपण हळू व्हायचं. मला हळू होणं किती जड जातं ते तुला ठाव आहे. एका तोंडाला एक दुपार गेली. मला घाईवाला म्हणणाऱ्यांनी ती दुपार बघायला पाहिजे होती.

भोक आठ म्हणजे आठ. आतून काडी फिरव, कुठं अडकणार नाय. प्रत्येकाच्या कडेला एक बारीक ठिपका मारलाय. कशासाठी ते विचारू नको, माझं नाव लिहायला जागा नव्हती.

सर मोजतील तेव्हा त्यांचं तोंड कसं होतं ते लिही.

प्रज्वल


जामनगर
२० डिसेंबर २०२४

वैष्णवी,

महिना झाला, तुझं पत्र नाय. रविवारी आईला फोन केला. ती म्हणाली, तुझ्या सरांनी राघोकाकाला कॉलेजात बोलावून घेतलं. काका संध्याकाळच्या गाडीनं परत आला तो कुणाशी बोलला नाय. जेवला पण नाय. सरळ कणगीकडं गेला आणि सगळं भात उपसून अंगणात टाकलं. आई म्हणाली, काय शोधत होता देव जाणे.

मला कळलं काय शोधत होता. आणखी नळ्या आहेत का ते बघत होता.

फुटली ना? कितवी फुटली ते तरी सांग. पहिली असेल तर माझा कोन चुकला असेल. मी पाठवलेलं तिसरं तोंड परत परत डोळ्यासमोर आणतोय. त्याला शेवटच्या हाताला पातं जरा थरथरलं होतं, उठलेली रेघ मी घासून घेतली आणि तुला सांगितलं नाय. हे मी लपवलं. तुला सांगायला पाहिजे होतं.

आता एक कर. सरांकडं जा आणि सांग की इंजिनियर वगैरे कुणी नाय. नववी सोडलेला माझा चुलतभाऊ, शिमग्याला उडवी जाळणारा तोच, ह्यानंच तोंडं केली, मला फसवलं. फसवलं असंच सांग. मी एकदा पुढं झालेला माणूस आहे, दुसऱ्यांदा काय जातं. तुला गटात ठेवू देत. पाहिजे तर मी येतो आणि सरांसमोर उभा राहतो. इथलं काम गेलं तर गेलं.

उत्तर लगेच दे. चार ओळी चालतील.

प्रज्वल


वैशाखरे
५ जानेवारी २०२५

दादा,

चार ओळींत मावणार नाही, आणि तुझं पत्र वाचून मला दोन दिवस स्वतःचाच राग आला. तिन्ही झाल्याशिवाय लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. तू तिकडे काय काय जुळवत बसशील हे माझ्या लक्षातच आलं नाही.

क्रमाने सांगते. फुटली नाही.

पहिली सहा डिसेंबरला जाळली. नीट. दुसरी नऊला. तीही नीट. सरांनी दोन्ही वेळा गार झाल्यावर तोंड काढून व्हर्नियर लावला. आठ. जळण्याआधी आठ, जळल्यानंतर आठ. त्यांचं तोंड कसं झालं विचारत होतास ना, कुणीतरी फुकट चहा पाजावा तसं. तिथेच घोटाळा झाला. म्हणाले, 'या इंजिनियरांना मला भेटायचंय. फोन लाव.'

नम्रता माझ्याकडे बघतेय, मी जमिनीकडे. मग मी सांगून टाकलं. तू कोण, शाळा कुठे सोडलीस, उडवी, सगळं. सरांनी तिसरी चाचणी थांबवली. म्हणाले, मोटर कुणीही बनवो, पण तू माझ्याशी खोटं बोललीस, आणि ज्या माणसाच्या हातून आग लागली त्याच्या हातचं काम मी विद्यार्थ्यांच्या पुढ्यात ठेवलं. ज्यांचं जळलं त्यांना बोलाव. ते हो म्हणाले तरच तिसरी.

म्हणून आप्पा कॉलेजात आले. घरून निघताना मी त्यांना काही सांगू शकले नाही. गाडीत दोघं शेजारी बसून तासभर खिडकीबाहेर बघत होतो.

सर म्हणाले, 'ही तोंडं तुमच्या पुतण्याने केलीत. तुमची उडवी त्यानेच जाळली ना?'

आप्पा म्हणाले, 'गाव तसंच म्हणतं.'

मी तू चिरलेली नळी त्यांच्या हातात दिली. तू ती परत पाठवलीस हे किती चांगलं केलंस. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, नळी उजेडात धरली, करंगळीच्या नखाने बोगदा खरवडला आणि बोटावरचा भुसा हुंगला.

'हा सोंडा,' म्हणाले.

सर म्हणाले, 'हो, मुलगी तसंच म्हणते.'

'मुलगी काय म्हणते ते मला ठाव नाय. मी सांगतो. हा माझ्या कणगीतला सोंडा हाय. दरसाल कणगी भरताना मी बुडाला निर्गुडीचा पाला घालतो. त्या साली पाठीत उसण भरली होती, पाला आणायला गेलो नाय. म्हटलं, एका सालानं काय होतंय.' मग नळी सरांच्या टेबलावर ठेवली. 'उडवी माझी, कणगी माझी, किडाबी माझाच. आन गावासमोर उभा केला पोराला.'

सरांनी विचारलं, 'मग तिसरी घेऊ?'

'घ्या. मी येतो. पोत्यांमागं बसतो. फुटली तर माझ्याकडं बघा, पोरांकडं नको.'

घरी आल्यावर त्यांनी कणगी उपसली ती सोंडे काढायला. भात उन्हात घातलं, कणगी शेणाने सारवली, आणि दुसऱ्या दिवशी निर्गुडीचा एवढा पाला घेऊन आले की जनीकाकू म्हणाली, भावजी, ह्यात भात घालायला जागा ठेवा. तुझ्याबद्दल कुणाशी बोलले नाहीत, कारण काय बोलावं ते त्यांना येत नाही. तू त्यांचाच पुतण्या आहेस, तुला कळेल.

प्रिन्सिपलांची सही यायला सुट्ट्या गेल्या. काल, चार तारखेला, तिसरी झाली. आप्पा धुतलेलं धोतर नेसून आले होते, पोत्यांमागे सरांच्या शेजारी उकिडवे बसले. तिसऱ्या मोटरला तुझं ते तिसरंच तोंड होतं, थरथरलेलं. मला ते तेव्हा माहीत नव्हतं, बरं झालं. तीन सेकंद, मांजरपाट फाडावं तसा सलग आवाज, कुठे तुटला नाही. धूर गेला तेव्हा मोटर जागच्या जागी. आप्पांनी सरांना विचारलं, 'झाली? येवढीच?' सर म्हणाले, झाली. आप्पा म्हणाले, 'परत लावा की एक.'

दोन फेब्रुवारीला, रविवारी, उडवायचं आहे. येशील?

वैष्णवी


जामनगर
१६ जानेवारी २०२५

वैष्णवे,

पत्र मशीनवर वाचलं. मिस्त्री म्हणाला, तबियत ठीक है? म्हटलं, लोखंडाचा कण गेला डोळ्यात. तो म्हणाला, आपण पितळ काततो रे.

येता येत नाय. फेब्रुवारीच्या पाच तारखेला मोठी ऑर्डर जायची आहे आणि शेठनं सगळ्यांच्या सुट्ट्या बंद केल्यात. मागं मी लिहिलं होतं काम गेलं तर गेलं, ते तू बुडतेयस असं वाटलं तेव्हा. आता तू उडतेयस, आता मी इथं राहून काम करू शकतो.

तुझा नंबर चालू केलाय. पण दोन तारखेला फोन करू नको, मी मशीनवर असेन, हात हलेल आणि आणखी दीडशे चकत्या जातील. कागदावर लिही. पहिल्यापासून लिही, मधलं गाळू नको. कोण काय बोललं ते पण.

राघोकाकाला सांग, पाठीला शेक घे. बाकी काय सांगू मला पण येत नाय.

प्रज्वल


वैशाखरे
३ फेब्रुवारी २०२५

दादा,

मधलं गाळत नाही.

पहाटे टोकावड्याहून निघालो. आप्पा, जनीकाकू, तुझे बाबा धाऊकाका आणि मी. रॉकेट माझ्या मांडीवर आडवं, जुन्या साडीत गुंडाळलेलं. कंडक्टर म्हणाला, बाळ कितवं? जनीकाकू म्हणाली, पहिलंच हाय, तिकीट लागतं का? किन्हवलीवरून शहापूर, तिथून माळावर. नम्रता आमच्या आधी पोचली होती.

अकरा टीम होत्या. आमचा नंबर नववा. आधीच्या आठांपैकी सहा नीट गेली, एकाचं पॅराशूट उघडलं नाही, एक पेटलंच नाही. सगळ्यांच्या तयार मोटरी. आमचं नाव पुकारताना सरांनी माइकवर सांगितलं, 'मोटर स्वतः बनवलेली आहे.' लोक दोन पावलं मागे सरकले. धाऊकाका दोन पावलं पुढे गेले, त्यांना हाताला धरून मागे आणावं लागलं.

बटण नम्रताने दाबलं, मोजणी मी केली. शून्यानंतर अर्धा श्वास काही झालं नाही. तेवढ्यात मला तुझी गॅलरी, मिस्त्री, झाडलोटीचे तीन रविवार, सगळं आठवून गेलं. मग तोच आवाज, मांजरपाट फाडल्याचा, आणि रॉकेट उभं होतं त्या दांड्यावर काहीच नव्हतं. वर बघितलं तर पांढरी रेघ. सरळ, दादा. आप्पा नांगराची पहिली रेघ ओढतात ना, बांधावरून बघितली तरी वाकडी दिसत नाही, तशी. टोकाला ठिपका झाला, तो थांबला, आणि लाल पॅराशूट उघडलं.

आतल्या यंत्राने उंची दाखवली चारशे बारा मीटर. तयार मोटरवाल्यांत सगळ्यांत वर गेलेलं तीनशे सत्तर होतं.

सरांनी व्हर्नियर खिशातून काढला, हसले आणि परत ठेवला. जनीकाकू शेजारच्या बाईला सांगत होती, 'खालचं तोंड माझ्या मुलानं केलं.' त्या बाईने विचारलं, तुमचा मुलगा काय करतो? काकू म्हणाली, 'तोंडं.'

रॉकेट वाऱ्याने जाऊन एका म्हातारीच्या वालाच्या शेतात पडलं. लहानी नाव तिचं. ती त्यावर घमेलं उपडं घालून वर बसली होती. म्हणाली, माझ्या शेतात पडलं ते माझं. सर समजावतायत, परवानगी दाखवतायत, ती हलेना. शेवटी आप्पा तिच्या शेजारी बांधावर बसले, वालाची एक शेंग सोलली, म्हणाले, वाल भारी हाय, कुठलं बी? पाच मिनिटांत ती उठली. उठताना मला म्हणाली, 'परत पाडायचं आसंल तर आधी सांग गो, पाणी तापवून ठेवते, चा घेऊन जा.'

आता कामाचं. नोव्हेंबरात नाशिककडे मोठा मेळावा आहे, हजार मीटरचा गट. नम्रताची तेव्हा परीक्षा आहे, ती येऊ शकत नाही, तिच्या जागी तू ये. सरांनी फॉर्म दिलाय. मोटर बनवणाऱ्याच्या नावाची वेगळी ओळ आहे, त्यापुढे शिक्षण. सर म्हणाले, या वेळी खरं नाव. फी विद्यार्थ्यांना आठशे, इतरांना दोन हजार. मी विचार केला, तुझं मुक्त विद्यापीठात नाव घातलंय असं दाखवलं तर आठशेत होईल. कोण बघायला येतंय. तू हो म्हण, मी भरून टाकते.

वैष्णवी


जामनगर
१२ फेब्रुवारी २०२५

वैष्णवी,

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत हिंदीत करून सगळ्यांना वाचून दाखवलं. मांजरपाटाला हिंदीत काय म्हणतात ते मला येईना, मिस्त्रीनं त्याच्या खांद्यावरचं फडकं घेतलं आणि टर्रकन फाडून दाखवलं, 'ऐसे?' म्हटलं, ऐसे. चारशे बारा म्हटल्यावर ज्याला मीटर कळत नाय त्यानं पण ताट वाजवलं. शेठ आतून बाहेर आला, काय चाललंय म्हणाला. मिस्त्रीनं सांगितलं, आपल्या भंगारातला तुकडा आभाळात गेला. शेठ म्हणाला, मग तो माझा. पण हसला. संध्याकाळी त्यानं ग्रेफाइटचा एक अख्खा तुकडा माझ्या मशीनवर आणून ठेवला, भंगारातला नाय, कोरा. म्हणाला, झाडलोट नको.

हजार मीटरला मोटर मोठी लागेल, तोंड पण मोठं. चित्र काढायला घे. ह्या वेळी मी आधी दोन जास्तीची कातून कचऱ्यात टाकणार आहे, मिस्त्रीला त्रास नको. नोव्हेंबरची सुट्टी मी आजच मागून ठेवली. शेठ म्हणाला, नऊ महिने आधी सुट्टी बायका मागतात.

आता फॉर्म. खोटं लिहायचं नाय. मला एकदा इंजिनियर केलंस, त्यात तुझी तिसरी मोटर महिनाभर अडकली. आता विद्यार्थी करू नको. नळी फुटायला एक बारीक भोक पुरतं, ते आपण दोघांनी बघितलंय.

मी सांगतो तसं भर, निळ्या पेनानं, ठळक. मोटर बनवणाऱ्याचं नाव: प्रज्वल धाऊ हरड. गाव: वैशाखरे, तालुका मुरबाड. शिक्षण: आठवी पास, नववी सोडली. धंदा: लेथ. लिहिल्यावर सरांना दाखव, आणि राघोकाकाला मोठ्यानं वाचून दाखव.

तुझी फी तू भर, तू विद्यार्थी आहेस, तुझं आठशेत भागतं. मी इतरांत बसतो, तर इतरांचीच पूर्ण फी भरणार. काकाच्या खात्यावर आज पाठवली, माझ्या एकट्याची: दोन हजार रुपये.

प्रज्वल